ससा नसलेलं मैदान

पूर्ण वेगात पळणाऱ्या कारवान कुत्र्याचे चारही पाय एका झेपेत दोनदा जमिनीपासून सुटतात. एकदा पाय पोटाखाली गोळा होतात तेव्हा, आणि पुन्हा पुढचे पुढे, मागचे मागे ताणले जातात तेव्हा. घोड्याचे एकदाच सुटतात. खोल छाती, आत ओढलेलं पोट, कमरेवरची हलकी कमान, लांब मान हे सगळं या पळण्यासाठीच आहे. हे शरीर कुणी कागदावर आखलेलं नाही. लातूर, सोलापूर, जत, विजापूर, मुधोळ या कोरड्या पट्ट्यातल्या मुरमाड माळावर सशामागे, काळविटामागे जी कुत्री पळाली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पळण्याजोगी उरली, त्यांचीच वेतं पुढे गेली. कर्नाटकात या कुत्र्याला मुधोळ म्हणतात, आपल्याकडे कारवान किंवा कारवानी. कानांवर, पायांवर, शेपटीवर रेशमी झालर असलेला तो पश्मी. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या वहीत त्याचं नाव कारवान हाउंड आहे आणि २००५ साली निघालेल्या टपाल तिकिटावर मुधोळ हाउंड.

या भागातल्या बेडर समाजाने हा कुत्रा राखला आणि मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी त्याला नाव मिळवून दिलं. राजे मालोजीराव घोरपड्यांनी त्याची एक जोडी इंग्लंडच्या राजाला भेट दिली, ही गोष्ट त्या भागात अजून सांगतात. संस्थान गेलं, मग शिकारही गेली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर सशामागे कुत्रं सोडणं हा गुन्हा झाला. ससा हाती लागला नाही म्हणून सुटका होत नाही, कारण कायद्याच्या व्याख्येत पाठलाग आणि त्याचा प्रयत्नही शिकारच ठरतो. रानातला नको म्हणून पाळीव ससा मैदानात सोडणारे लोक आहेत. तेही १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात बसत नाही. आणि कायदा बाजूला ठेवला, तरी कुंपणाच्या आत सोडलेल्या भेदरलेल्या सशामागे पळून कुत्र्याची कसलीच परीक्षा होत नाही. कायद्याने हे बंद केलं ते योग्यच झालं.

पण शिकार हीच या जातीची चाळणी होती. ती काढून घेतल्यावर कुठला नर कुठल्या मादीला लावायचा, हे आता कशावरून ठरतं? दोन गोष्टींवरून: डॉग शो आणि सरळ शर्यत. माझं म्हणणं असं, की या दोन्हींच्या भरवशावर कारवान टिकणार नाही.

शोमध्ये उंची भरते. नर साधारण सत्तावीस ते एकोणतीस इंच, मादी त्याहून दोन इंच कमी, वजन वीस ते अठ्ठावीस किलो, हे माप माळानेच ठरवलेलं आहे. रिंगणात मात्र उंच कुत्रं नजरेत भरतं, मग तीस इंचांच्या पुढचे नर मिरवले जातात. पाय लांब झाले की वळताना तोल जातो, मनगटावर भार येतो. परीक्षक कुत्र्याला दुडक्या चालीत फिरवून बघतो. पळताना त्याने ते कधीच पाहिलेलं नसतं.

सरळ शर्यतीचा घोटाळा याहून मोठा. तीनशे-चारशे मीटरची पट्टी, शेवटाला दोरी गुंडाळणारं यंत्र, काही ठिकाणी मोटारसायकलचं मागचं चाक, आणि पुढे ओढलं जाणारं चिंधीचं आमिष. एवढ्या अंतरावर विलायती ग्रेहाउंड कुत्र्याला कोण हरवणार? म्हणून ग्रेहाउंडचं रक्त घातलं जातं. पहिल्या पिढीतली पिल्लं खरोखर वेगवान निघतात आणि त्यांना भाव येतो. त्यांच्याच पिल्लांना पुढे कारवान म्हणून विकलं जातं. हे ओळखायचं असेल तर आधी कान बघा. कारवानचे कान खाली पडलेले, कवटीलगत चिकटून असतात, तर ग्रेहाउंडचे मागे दुमडलेले. मग मांडी बघा. ग्रेहाउंडची मांडी गोल, फुगीर असते, कारवानची सपाट आणि लांब. संकराची कातडी पातळ असते, काटेरी कुंपणाला घासली तरी फाटते. तळवे मऊ असतात. फेब्रुवारीत दहाच्या उन्हात दुसऱ्या फेरीला तो जीभ बाहेर काढून बसतो. मुरमावर दोन किलोमीटर पळून पाय शाबूत ठेवणं ही कारवानची खरी मिळकत आहे आणि सरळ पट्टीच्या शर्यतीत तिला एक गुणही नाही.

इंग्लंडमध्ये ग्रेट आल्टकारला १८३६ ते २००५ या काळात वॉटर्लू कप नावाची ग्रेहाउंडची स्पर्धा जिवंत सशावर होत असे. शिकारबंदीच्या कायद्याने ती थांबली. ती थांबली याचं मला दुःख नाही, पण तिच्या गुणांकनात एक शहाणपण होतं. मुख्य गुण ससा मारण्याला नव्हते, वेगाला आणि त्याला वळवण्याला होते. दोन कुत्री एका वेळी सुटत आणि सशाची दिशा कुणी बदलायला लावली हे परीक्षक बघे. जिवंत ससा काढून टाकूनही हे तत्त्व ठेवता येतं. अमेरिकेत १९७२ च्या सुमारास तेच सुरू झालं: शेतात कप्प्या रोवून त्यांच्याभोवती दोरी फिरवायची आणि दोरीला पांढरी प्लास्टिकची पिशवी बांधून सशासारखी वळणं घेत ओढायची. युरोपातल्या एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वान संघटनेच्या नियमांत अशा धावेला पाच बाबींवर गुण असतात: वेग, चपळाई, दम, आमिषामागे लागण्याची ओढ आणि हुशारी. प्रत्येकी वीस, एकूण शंभर. म्हणजे वेगाला शंभरात वीस. मला हे प्रमाण बरोबर वाटतं.

असं मैदान आपल्याकडे उभं करायला फार पैसा लागत नाही. सहाशे ते आठशे मीटरची वाट, पाच-सहा वळणं, एकही वळण काटकोनाहून तीव्र नको. ज्वारी किंवा तुरीचं रान काढल्यावर लगेच तिथे मैदान घेऊ नये. विळ्याने तिरकी कापलेली धसकटं तळव्यात भाल्यासारखी शिरतात. काळ्या रानातल्या भेगांत पाय अडकून मोडतो. हलका मुरूम किंवा आखूड गवताचा माळ उत्तम. तरीही आदल्या दिवशी चार माणसांनी ओळीने चालत जाऊन सराटे, काचा, बिळं बघायलाच हवीत. कुसळ वाळलेलं असेल तर ते कापून घ्यावं. कानात किंवा बोटांच्या बेचक्यात शिरलेलं कुसळ आतच सरकत जातं, आणि महिनाभराने गळू होतं तेव्हा कारण कुणाच्या लक्षात येत नाही.

दोरी विणीच्या नायलॉनची, पतंगाच्या मांजासारखी बारीक नको आणि तारही नको. पळत्या कुत्र्याच्या पायावरून ताणलेली दोरी गेली तर कातडं भाजून सोलून निघतं. यंत्र चालवणारा माणूस हा या सगळ्यातला सर्वांत मोलाचा. आमिष कुत्र्याच्या पुढे दहा ते पंधरा मीटर राहिलं पाहिजे. फार लांब गेलं तर कुत्रं ते नजरेआड झाल्यावर इकडेतिकडे बघू लागतं आणि मग शेजारच्या कुत्र्याच्या अंगावर जातं. फार जवळ राहिलं तर वळणावर ते आमिषावर झडप घालतं आणि मान मुरगळून कोलांटी खातं. शेवटी आमिष झटक्यात थांबवू नये, हळूहळू मंद करावं. वाट दर वेळी बदलावी. ही कुत्री फार लवकर शिकतात. तिसऱ्या वेळी तीच वाट दिसली की कप्पी कुठे आहे हे त्यांना ठाऊक असतं, मग ती पाठलाग सोडून मध्येच आडवी कापून वाट बघत उभी राहतात. लोक त्याला आळशी म्हणतात. खरं तर त्या कुत्र्याला आपण एकच गणित तीनदा घातलेलं असतं.

पिल्लाची तयारी आठव्या आठवड्यापासून सुरू होते, पण ती पळण्याची नव्हे. बांबूच्या टोकाला दोन-तीन मीटर सुतळी, तिला चिंधी, आणि तीन-चार मिनिटं खेळ. पिल्लाला अजून हवं असतानाच थांबायचं आणि शेवटी चिंधी त्याच्या तोंडात द्यायची. रोज नाही, आठवड्यातून दोनदा पुरे. याच वयात पिल्लू पट्ट्याला बांधून शेळ्यांच्या कळपातून फिरवावं. जे कुत्रं शेळी बघत वाढलं नाही ते वर्षाचं झाल्यावर शेळीमागे सुटतं आणि गावात भांडण लागतं. हाक मारल्यावर येणंही आत्ताच शिकवायचं, शिट्टी आणि मांसाचा तुकडा घेऊन. एकदा नजर लागली की या जातीच्या कानात हाक शिरत नाही, म्हणून उघड्या माळावर, जिथे ससा किंवा चिंकारा उठू शकतो, तिथे पट्टा सोडायचा नाही.

पाचव्या ते दहाव्या महिन्यात भावंडांबरोबर कुंपणाच्या आत मोकळं हुंदडू द्यावं. मोटारसायकलमागे बांधून पळवणं हा मी पाहिलेला सर्वांत वाईट प्रकार. लांब हाडांच्या टोकाशी वाढीचा कूर्चेचा पट्टा असतो, तो दहा-बारा महिन्यांपर्यंत मिटत नाही. त्याआधी रोज एका गतीने डांबरावर पळवलं की मनगट वाकतं, पंजा बाहेर वळतो, आणि ते नंतर सुधारत नाही. दहा महिन्यांनंतर हाताने ओढलेलं आमिष, सरळ, पन्नास ते शंभर मीटर. उलट्या ठेवलेल्या सायकलच्या चाकाचा टायर काढून रिमवर दोरी गुंडाळली की हे काम भागतं. चौदा महिन्यांनंतर वळणं. आधी तीन-चार वेळा एकट्यानेच पळवावं आणि मगच जोडीत, तेही सरळ मनाच्या, अनुभवी कुत्र्याबरोबर. घाईने जोडीत सोडलेलं कुत्रं पाठलागाऐवजी झोंबाझोंबी शिकतं. मोठं झालेलं, नीट पळणारं कुत्रं अचानक दुसऱ्याला तोंड लावू लागलं तर आधी त्याचे पाय आणि पाठ चाचपून बघावी. बहुतेकदा कुठेतरी दुखत असतं.

पळत्या कुत्र्याची रोजची मेहनत म्हणजे पट्ट्यावर पाच-सहा किलोमीटर चालणं, त्यात थोडा चढ. पूर्ण ताकदीची धाव आठवड्यातून दोनदाच, मध्ये किमान दोन दिवस सोडून. धावेआधी दहा-पंधरा मिनिटं चालवून अंग मोकळं करावं आणि धावेनंतरही तेवढंच चालवावं. छाती खोल असल्यामुळे भरल्या पोटी पळवलं तर पोट फुगून जठराला पीळ पडतो, आणि मग काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर कुत्रं जातं. म्हणून धावेच्या आधी किमान तीन तास खाणं नाही, नंतरही दम पूर्ण खाली बसेपर्यंत नाही. पाणी थोडं थोडं.

खाण्याबद्दल आपल्याकडे एक हट्ट आहे: ज्वारीची भाकरी आणि दूध. चोवीस किलोच्या कुत्र्याला नुसतं बसून राहायलाच दिवसाला सुमारे साडेसातशे किलोकॅलरी लागतात, पळणाऱ्याला साधारण दुप्पट. चारशे ग्रॅम पिठाच्या भाकऱ्यांत तेवढ्या भरतात, पण प्रथिनं मिळतात जेमतेम चाळीस ग्रॅम. पोट भरतं, स्नायू भरत नाही. त्याऐवजी दोनशे ग्रॅम पिठाची भाकरी, तीनशे ग्रॅम कातडीसकट कोंबडी आणि दोन उकडलेली अंडी दिली तर कॅलरी तितक्याच राहतात आणि प्रथिनं दुपटीच्या वर जातात. बिनहाडाच्या मांसात कॅल्शियम फारसं नसतं, म्हणून अंड्याच्या टरफलाची बारीक पूड एक लहान चमचा रोज. पिल्लांच्या बाबतीत मात्र हे प्रमाण अंदाजाने ठरवू नये. कॅल्शियम कमी पडलं तर पाय वाकतात आणि जास्त झालं तरी हाडं बिघडतात. शेवटच्या दोन-तीन बरगड्या आणि कमरेची टोकं दिसणं हे या कुत्र्याचं निरोगी रूप आहे. पाहुणे उपाशी ठेवलंय म्हणतील, म्हणू द्यावं. दर आठवड्याला वजन करून लिहून ठेवावं.

उन्हाबद्दल जास्त सांगायला हवं, कारण मैदानावर कुत्री मरतात ती बहुतेक उष्णतेने. हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि त्यातही सकाळी नऊच्या आत. कुत्र्याचं नेहमीचं तापमान अडतीस ते एकोणचाळीस सेल्सिअस. जोरदार धावेनंतर ते एक्केचाळीसच्या पुढे जातं, आणि निरोगी कुत्र्यात अर्ध्या-पाऊण तासात उतरतं. म्हणून खिशात थर्मामीटर हवा. उतरत नसेल, कुत्रं झोकांड्या खात असेल, हिरड्या विटकरी लाल दिसत असतील तर सावलीत नेऊन सगळ्या अंगावर पाणी ओतावं आणि वारा घालावा. ओलं गोणपाट पांघरून ठेवू नये, त्याखाली वाफ कोंडते. साडेएकोणचाळीसवर आलं की पाणी थांबवून थेट डॉक्टरकडे. बाहेरून शांत झालेल्या कुत्र्याचं आतलं नुकसान दुसऱ्या दिवशी दिसतं. दुसरा धोका स्नायू फुटण्याचा. अपुऱ्या मेहनतीचं कुत्रं एका सकाळी तीन-चार फेऱ्यांत पळवलं की पाठ कडक होते आणि लघवी चहासारखी काळसर येते. हे दिसलं की विश्रांतीवर सोडून चालत नाही. शिरेतून सलाईन लागतं, नाहीतर मूत्रपिंड निकामी होतात. एका दिवसात दोनच फेऱ्या, हा नियम मैदान भरवणाऱ्यांनी कागदावर आणावा.

पावसाळ्यानंतर कुत्र्याचा वेग विनाकारण उतरला तर आधी गोचीड आठवावी. गोचीडतापात प्लेटलेट घटतात, रक्त कमी होतं, कुत्रं खातंपितं पण दम टिकत नाही. रक्ताच्या अहवालात इथे हमखास चूक होते. लाल पेशींचं प्रमाण इतर कुत्र्यांत सदतीस ते पंचावन्न टक्के असतं, ग्रेहाउंड आणि त्याच्या जातकुळीच्या कुत्र्यांत ते पन्नास ते पासष्ट. कारवानच्या अहवालात चाळीस आलं तर प्रयोगशाळा नॉर्मल लिहून देते, आणि प्रत्यक्षात कुत्रं रक्तहीन असतं. निरोगी असतानाच एकदा तपासणी करून त्याचा आकडा वहीत ठेवावा.

आता मूळ मुद्दा, वेत. २०१७ च्या नियमांनुसार कुत्र्यांची पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते. मादी अठरा महिन्यांखाली लावायची नाही, वर्षात एकच वेत, आयुष्यात पाचपेक्षा जास्त नाहीत, आठ वर्षांनंतर नाही. मी अठरा महिन्यांनाही लावणार नाही. तोवर तिला कसं पळता येतं हेच कळलेलं नसतं. एक पूर्ण हंगाम वळणांच्या मैदानावर पळून, पाय धड राहिले, तर मग अडीच-तीन वर्षांची असताना पहिलं वेत.

गावोगाव एकाच जिंकलेल्या नराला पंधरा-वीस माद्या लागतात. पुढच्या पिढीत त्याचीच मुलं एकमेकांना लागतात आणि कुणाला पत्ता नसतो. सावत्र भावंडांच्या जोडीत पिल्लाची रक्तजवळीक साडेबारा टक्के येते, बाप-लेकीच्या जोडीत पंचवीस. त्याचं फळ म्हणजे लहान वेत, मेलेली पिल्लं, साध्या आजारालाही बळी पडणारी पिल्लं. म्हणून पहिल्या क्रमांकाच्या नराकडे सगळ्यांनी धावण्यापेक्षा चौथ्या-पाचव्या क्रमांकाचा, दूरच्या गावचा, सहा वर्षांचा होऊनही नीट पळणारा नर मला जास्त मोलाचा वाटतो.

लावण्याआधी दोघांची ब्रुसेला या गर्भपात घडवणाऱ्या संसर्गाची तपासणी करावी आणि जननेंद्रियांवर गाठ आहे का ते बघावं. संभोगातून पसरणारी ती गाठ आपल्या गावातल्या कुत्र्यांत सर्रास आहे. इलाजाने ती बरी होते, पण अंगावर असताना वेत नाही. लावणं फसतं ते बहुतेक दिवस मोजण्यात. रक्तस्राव दिसल्यापासून दहावा ते चौदावा दिवस हा ठोकताळा पुष्कळ माद्यांना लागू पडतो, सगळ्यांना नाही. रक्तातल्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाची तपासणी करून बीज सुटल्याचा दिवस काढावा, त्यानंतर दोन दिवसांनी लावावं, आणि आणखी दोन दिवसांनी पुन्हा. लावल्यावर नर-मादी एकमेकांत अडकले की दहा मिनिटं ते अर्धा तास दोघांना शांत धरून ठेवावं, ओढून सोडवू नये. बीज सुटल्यापासून त्रेसष्ट दिवसांनी मादी विते. गाभण असताना कॅल्शियमच्या गोळ्या चारू नयेत. शरीराची स्वतःची व्यवस्था त्याने मंदावते आणि विल्यानंतर दूध सुरू झालं की मादीला झटके येतात. विण्याच्या आदल्या दिवशी तिचं तापमान सदतीसच्या आसपास उतरतं.

पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या जागेत तीस ते बत्तीस सेल्सिअस ऊब हवी, पहिला चीक बारा तासांच्या आत. रोज प्रत्येक पिल्लू तोलावं. आठ-दहा दिवसांत वजन दुप्पट झालं पाहिजे. दोन दिवस वजन वाढलं नाही तर तिसऱ्याची वाट बघू नये. दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या, आठव्या आठवड्यात जंताचं औषध. सहाव्या ते आठव्या आठवड्यात पहिली लस, मग सोळाव्या आठवड्यापर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढच्या, आणि तीन महिन्यांना रेबीजची. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडायचं नाही.

वेतातली सगळी पिल्लं मैदानाची नसतात. बरीचशी घरोघरी जातात आणि तिथली माणसंही ही जातच सांभाळत असतात. पिल्लू देताना घेणाऱ्याच्या हाती एक कागद द्यावा. त्यावर आई-बापाची आणि चारही आजा-आजींची नावं, त्यांच्या हंगामाच्या नोंदी. कुंपण सहा फुटांचं असावं. भूल द्यायची वेळ आली तर डॉक्टरांना हे शिकारी जातकुळीचं, अंगावर चरबी नसलेलं कुत्रं आहे हे आधी सांगावं, कारण थायोपेंटालसारख्या औषधातून अशी कुत्री फार उशिरा शुद्धीवर येतात. आणि खाली फोन नंबर, पिल्लू सांभाळणं जमलं नाही तर परत आणून देण्यासाठी.